नौपाड्यातल्या क्लबमध्ये एकटीने कंट्री: जून ते नोव्हेंबर 2025च्या नोंदी

एक गिटार, एक माऊथ ऑर्गन, एक गळा. साथीला कुणी नाही, आधी रेकॉर्ड केलेल्या साथीचा ट्रॅकही नाही. ठाण्यातल्या एका छोट्या संगीत क्लबमध्ये कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांचे तीन कार्यक्रम केले, त्या कामाच्या या नोंदी आहेत. आपल्याकडे असा कार्यक्रम करायचा म्हटलं की कुणाला विचारावं तेच कळत नाही. म्हणून काय अडलं, काय जुळलं आणि पैसे कुठे गेले ते लिहून ठेवते आहे.

14 जून, शनिवार

हॉल पाहिला. दुसरा मजला, लांबट खोली, सत्तरेक खुर्च्या. शनिवारी इथे जुन्या हिंदी गाण्यांचं कराओके चालतं आणि महिन्यातून एकदा नाट्यसंगीत. दोन स्पीकर, आठ चॅनलचा मिक्सर आणि तीन माइक क्लबचे. भाडं अडीच हजार, त्यात एसी आला.

सेक्रेटरी काकांनी सरळ विचारलं, "अगं, तबला नाही, कीबोर्ड नाही, ट्रॅकसुद्धा नको म्हणतेस. दोन तास लोक बसतील का?"

मी म्हटलं, "काका, दोन तास नकोच. सव्वा तास द्या, मध्यंतर नको."

ट्रॅक नको यावर मी ठाम आहे. 1927च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर नावाचा रेकॉर्डिंगवाला टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्रं घेऊन बसला होता. जिमी रॉजर्स हा गायक तिथे पोचला तो बँड घेऊन, पण रेकॉर्डच्या तबकडीवर नाव कुणाचं यावरून आदल्या रात्री बँडशी फाटलं. 4 ऑगस्टला तो एकटाच गिटार घेऊन गायला. त्याच्या तीन दिवस आधी कार्टर कुटुंब या गाणाऱ्या त्रिकुटाचं रेकॉर्डिंग झालं होतं. कंट्रीची सुरुवात सांगताना आजही लोक याच आठवड्याकडे बोट दाखवतात. एकट्याने गाणं या संगीतात तडजोड मानलं जात नाही, ते त्याच्या मुळातच आहे. शिवाय ही गाणी गोष्टी सांगतात, आणि ट्रॅक लावला की गोष्टीत थांबता येत नाही.

तारीख मिळाली 2 ऑगस्ट. वेळ साडेसात ते पावणेनऊ.

21 जून

गाण्यांची निवड. सुरांआधी हक्कांचा विचार केला आणि ते बरं झालं, कारण यादी त्यावरच ठरली.

आपल्या कायद्याप्रमाणे गीत आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. रॉजर्स 1933मध्ये गेला. कंट्री गायक हँक विल्यम्स 1 जानेवारी 1953ला गेला, अवघ्या 29व्या वर्षी, कार्यक्रमाला निघालेल्या गाडीच्या मागच्या सीटवर. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर 1960मध्ये. या तिघांनी एकट्याने रचलेली गाणी इथे मोकळी आहेत. सोबत दुसरा कवी किंवा संगीतकार असेल तर दोघांपैकी जो शेवटी गेला त्याच्यापासून मोजायचं. त्यात पारंपरिक गाणी मिळवली की सव्वा तास आरामात भरतो.

लोरेटा लिन आणि डॉली पार्टन या कंट्री गायिकांची गाणी मनापासून गायची होती. त्यांना परवाना लागतो, लाइव्ह गाण्यासाठी तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडून घ्यायचा असतो. पहिल्या कार्यक्रमाला तो खर्च पेलणारा नव्हता. यादीत चौदा गाणी घेतली, सगळी मोकळी.

आणखी एक: हा हिशेब भारतातल्या कार्यक्रमापुरता. व्हिडिओ इंटरनेटवर टाकला की तो अमेरिकेतही दिसतो आणि तिथली मुदत वेगळी आहे. म्हणून रेकॉर्डिंग फक्त स्वतःला ऐकण्यासाठी करणार.

28 जून

पट्टी ठरवण्यात आख्खा शनिवार गेला. ही बहुतेक गाणी पुरुषांच्या गळ्यातली, मूळ पट्टीत मला एक तर खर्जात जावं लागतं नाहीतर किंचाळावं लागतं. माझ्या हार्मोनियमच्या बाईंची सवय कामाला आली: आधी गाण्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर शोधायचा, मग सा ठरवायचा. बहुतेक गाणी काळी दोन आणि पांढरी चार यांच्यात बसली.

पण गिटारवर काळी दोनमध्ये मोकळ्या तारा मिळत नाहीत, आणि मोकळी तार वाजली नाही तर कंट्रीची गिटार कंट्रीसारखी वाजतच नाही. म्हणून कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. हात सी कॉर्डच्या आकारातच ठेवायचा आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावला की काळी दोन मिळते.

कागदावर कॉर्डची नावं लिहायची नाहीत, सापासून मोजलेले आकडे लिहायचे: 1, 4, 5. नॅशव्हिल या कंट्रीच्या शहरातल्या स्टुडिओंमध्ये ही पद्धत 1950च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूजने रुळवली. सा बदलला तरी कागद तोच राहतो. सरगम शिकलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, मला तर घरी आल्यासारखं वाटलं. दमट दिवशी गळा बसला की अर्धी पट्टी खाली यायची सोय यानेच झाली.

6 जुलै, आषाढी

सुट्टी होती. दिवसभर फक्त उजवा हात.

ढोलक नाही, बास नाही, म्हणजे दोन्ही कामं अंगठ्याची. जी कॉर्डमध्ये अंगठा आधी सहाव्या तारेवर, मग चौथ्या, आणि दोन्हींच्या मध्ये बोटांनी खालच्या तारांवर हलका झाडू. सीमध्ये पाचवी आणि सहावी, डीमध्ये चौथी आणि पाचवी. एवढं कुणीही शिकवतं. गाण्यात जीव येतो तो कॉर्ड बदलताना. जीवरून सीवर जाताना अंगठ्याने चार पायऱ्या चढायच्या: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, मग मोकळी पाचवी, मग तिचा दुसरा आणि तिसरा. या चार सुरांत ऐकणाऱ्याला कळतं की आता ओळ वळणार आहे.

कार्टर कुटुंबातली मेबेल कार्टर याच्याही पुढे गेली. तिने चालच अंगठ्याने जाड तारांवर वाजवली आणि ठेका बोटांवर सोपवला. 1927मध्ये ती 18 वर्षांची होती. तिचं रेकॉर्डिंग हळू करून ऐकलं की अंगठा किती शांत आहे ते जाणवतं. त्यात कुठे घाई नाही. माझा अंगठा दुपारपर्यंत गाण्याच्या शब्दांवर धडपडत होता: शब्द लांबला की बासही लांबायचा. उपाय असा केला की गाणं न गाता ठेका धरून फोनवर आईशी बोलायचं. आईला सांगितलं होतं. बोलताना ठेका मोडला नाही तर गातानाही मोडत नाही.

13 जुलै

पावसाने गिटारचे हाल. सकाळी लावलेली तार संध्याकाळी चढी. लाकूड ओल पिऊन फुगतं, वरची फळी पोट काढते, तारा फ्रेटपासून उंच जातात आणि कॅपो लावला की सगळंच थोडं चढं बोलतं. फॉस्फर ब्राँझच्या साध्या तारा दहा-बारा दिवसांत काळ्या पडून खरखरीत झाल्या.

वेष्टन असलेल्या तारा घेतल्या, सेट चौदाशेच्या आसपास. महाग वाटतं, पण पावसाळ्यात साध्या तारांचे दोन सेट जातात तेवढ्यात हा एक पुरतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि चारशे रुपयांचा आर्द्रतामापक. घरात 80च्या वर दाखवत होता, बंद केसमध्ये 58वर आला. गिटारला 45 ते 55 मानवतं, तरी हे चालण्यासारखं. रियाज संपला की गिटार केसमध्ये. भिंतीवर टांगणं दसऱ्यापर्यंत बंद.

20 जुलै

हॉलमध्ये पहिली ध्वनिचाचणी. तीन तासांतले दोन नुसते दोष शोधण्यात गेले.

पहिला दोष गुणगुण. मिक्सर एका भिंतीच्या प्लगवर आणि माझा प्रीअँप, म्हणजे गिटारचा आवाज सुधारून मिक्सरला देणारी छोटी पेटी, समोरच्या भिंतीच्या. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले आणि गुणगुण गेली. कुणीतरी अर्थिंगची पिन काढायला सुचवलं. ते कधीही करू नका. तोंडासमोर लोखंडी जाळीचा माइक आणि हातात तारा असतात, जिवाशी खेळ आहे.

दुसरा दोष घुमणं. आवाज थोडा वाढवला की गिटारचं पोट स्वतःच हंबरायला लागायचं. मोठ्या अंगाच्या गिटारमधली हवा 100 हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि स्पीकरने तोच सूर परत दिला की चक्र सुरू होतं. क्लबच्या मिक्सरवर बास एकदम कमी करता येतो, पण मग अंगठ्याचं सगळं काम वाया. भोकाला रबरी झाकण लावलं, साडेतीनशे रुपये, निम्मा फरक. उरलेला फरक प्रीअँपने. साडेचार हजारांना जुना मिळाला, त्यात फेज उलटवायचं बटण आहे आणि नको तो नेमका सूर खाली खेचणारा नॉच. नॉच 100च्या थोडा वर नेला तेव्हा हंबरणं थांबलं आणि बास राहिला. या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडलेला खर्च हाच.

तिसरा दोष प्रतिध्वनी. मागच्या भिंतीवर ट्रॉफींचं काचेचं कपाट आणि बाजूला सपाट गिलावा. टाळी वाजवली की दुसरी टाळी मागून येते. कराओकेत ते कळत नाही, ट्रॅक सगळं झाकतो. एकट्या आवाजात प्रत्येक व्यंजन दोनदा ऐकू येतं. काकांनी गणपतीच्या सतरंज्या माळ्यावरून काढून दिल्या. चार सतरंज्या पडद्याच्या रॉडवर टांगल्या, कपाट झाकलं. मग खुर्च्या लांबीने मांडायच्या सोडून रुंदीने मांडल्या. आता शेवटची रांगही माझ्यापासून सहाव्या ओळीत आहे. गाणाऱ्याच्या दृष्टीने खोलीच बदलली.

एक बारीक गोष्ट: मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, समोरून तिरका ठेवला होता. माझा माइक कार्डिऑइड, तो बरोबर पाठीकडून सर्वांत कमी ऐकतो. मॉनिटर सरळ माइकच्या शेपटीसमोर सरकवला तेव्हा बराच जास्त आवाज मिळाला.

27 जुलै

माऊथ ऑर्गन. जी पट्टीतल्या गाण्याला सीचा घ्यायचा आणि फुंकण्यापेक्षा ओढण्यावर भर द्यायचा, तरच तो रडका, वाकलेला सूर निघतो. पण मी कॅपोने पट्टी बदलते, म्हणजे प्रत्येक पट्टीला वेगळा माऊथ ऑर्गन, आणि चांगल्या कंपनीचा एकेक तीन हजारांच्या वर. तिजोरीला परवडेना. यादी फिरवली: माऊथ ऑर्गनची चारही गाणी एकाच पट्टीत आणली आणि एकात भागवलं.

गळ्यातला स्टँड स्वस्तातला आहे, त्याचे स्क्रू गाताना सैल होतात. दोन्हीकडे रबरी वॉशर घातले.

2 ऑगस्ट, पहिला कार्यक्रम

चाळीसेक माणसं, बाहेर धो धो पाऊस. तिकीट 150.

ठेक्यासाठी कागदाची युक्ती केली होती. कंट्री गायक जॉनी कॅशकडे सुरुवातीला ड्रमर नव्हता, तेव्हा तो गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून स्नेअर ड्रमसारखा खरखरता आवाज काढायचा. मी घरी बरेच कागद वापरून पाहिले. वर्तमानपत्र दमट हवेत लगेच मऊ पडतं, पोस्टकार्ड तारेचा सूरच मारतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाची दोन बोटं रुंद पट्टी उत्तम: एका तारेवरून, दुसरीखालून, अशी विणून कॅपोच्या लगेच पुढे बसवायची आणि उजव्या तळव्याची कड गिटारच्या ब्रिजपाशी (घोडीपाशी) अलगद टेकवायची. रेल्वे रुळांच्या सांध्यावरून जाते तसा आवाज येतो. कार्यक्रमात चौथ्या गाण्याला पट्टी घसरून खाली पडली. आता तिचं एक टोक कॅपोखाली दाबून ठेवते.

रॉजर्सची गाणी लोकांना भिडली. तो स्वतः रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, होता हे सांगितल्यावर समोरचे दोन निवृत्त रेल्वेवाले पुढे सरकून बसले. 1853ला देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली त्या गावात रेल्वेच्या गाण्यांना वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

कार्यक्रम संपल्यावर नाट्यसंगीताला नेहमी येणाऱ्या एक आजी जवळ आल्या. "आवाज गोड आहे गं तुझा. पण त्या गाण्यातली मुलगी पुलावर उभी होती ना, तिचं पुढे काय झालं?"

4 ऑगस्ट

रेकॉर्डिंग ऐकलं. आजींचा प्रश्न रास्त आहे. सूर, ठेका, पट्टी सगळं जागेवर, आणि गोष्ट खुर्च्यांपर्यंत पोचलेली नाही. पुलावरची मुलगी चौथ्या कडव्यात परत फिरते. ते कडवं मी सर्वांत वेगात आणि सर्वांत मोठ्या गिटारसह गायले आहे.

तीन बदल ठरवले. लय मिनिटाला 120 ठोक्यांवरून 104वर. कथेच्या गाण्यांत शेवटच्या कडव्याला बोटांचा झाडू बंद, फक्त अंगठा. आणि टेनेसीचा ओढून आणलेला हेल बंद: शब्द माझ्या सरळ उच्चारात, शेवटचं व्यंजन पूर्ण. मिक्सरवर आवाजाचा 100 हर्ट्झखालचा भाग कापला, गिटारचा 300च्या आसपासचा भाग थोडा उतरवला. दोघं एकमेकांच्या अंगावर येत होते.

हिशेब: तिकिटांचे सहा हजारांच्या आसपास आले, हॉल आणि चहा यांचे सव्वातीन हजार गेले. उरलेले प्रीअँपला.

16 ऑगस्ट

दहीहंडी. नौपाड्यात आज सरावसुद्धा शक्य नाही. पुढे गणपती, 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, मग 22ला घटस्थापना. मधला पितृपक्ष मागितला. त्या पंधरवड्यात हॉल कुणी घेत नाही, रस्ता शांत असतो, आणि भाड्यात पाचशे कमी झाले. शांत कार्यक्रम करणाऱ्यांनी हे पंधरा दिवस जरूर बघावेत.

13 सप्टेंबर, दुसरा कार्यक्रम

आपल्याकडे गाण्याच्या कार्यक्रमाला निवेदन लागतंच. वेगळा निवेदक न घेता ते मीच केलं, गिटार थांबवायची नाही या अटीवर. अंगठा ठेका धरून ठेवतो आणि वर मराठीत गोष्ट. आईबरोबरचा आषाढीचा सराव इथे कामी आला. गोष्ट तिसऱ्या कडव्यापर्यंतच सांगायची, शेवट नाही. त्याऐवजी सांगायचं, "शेवटच्या कडव्यात रिंग आणि रिव्हर हे दोन शब्द ऐका."

लोकांनी ऐकले. पुलावरच्या मुलीने अंगठी नदीत टाकली तेव्हा आजींनी शेजारणीच्या हातावर हात ठेवला, मला स्टेजवरून दिसलं. त्या क्षणी फक्त अंगठा वाजत होता. सहावी तार, चौथी तार.

निवेदन सुरुवातीला लांबलं, तीन मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटं. दीड मिनिटाच्या वर जायचं नाही असं ठरवून कार्यक्रमाच्या मध्यावरच दोन गाणी गाळली आणि वेळेत आले. पावणेनऊला संपवणं महत्त्वाचं आहे. निम्मे लोक डोंबिवली, कळव्याचे, त्यांना गाडी गाठायची असते. रात्री दहानंतरचा ध्वनीचा नियम बंद सभागृहाला मुभा देतो, पण खाली राहणाऱ्या कुटुंबांचं मन सांभाळलं तरच पुढची तारीख मिळते.

क्लबच्या नेहमीच्या मंडळींपैकी एकांनी गाण्याच्या वेळी मोबाइलवर बोलणं सुरू केलं, तेव्हा काका स्वतः उठून त्यांना बाहेर घेऊन गेले. नॅशव्हिलमधल्या ब्लूबर्ड कॅफेची गोष्ट मी त्यांना सांगितली होती: 1982पासूनची नव्वदेक खुर्च्यांची जागा, आणि गाणं चालू असताना तिथे बोलणाऱ्याला गप्प करतात. काकांनी ती मनावर घेतली. पुढच्या पत्रकावर त्यांनी आपणहून छापलं: "मोबाइल बंद, गप्पा नंतर."

15 नोव्हेंबर, तिसरा कार्यक्रम

ऑक्टोबर दिवाळीत गेला, काम झालं ते एकाच गाण्याचं. स्वतःचं, मराठी. खारेगावचं फाटक बंद होऊन पूल झाला, त्या फाटकावरच्या गेटमनचं. रॉजर्सचा ब्रेकमन गाताना तो सारखा डोळ्यांपुढे येत होता. तीनच कॉर्ड, वॉल्ट्झची चाल. या चालीचे तीन-तीन ठोके आपल्या कानाला दादऱ्यासारखे लागतात. पहिल्या ध्रुवपदालाच लोकांनी मांडीवर ठेका धरला, आणि दुसऱ्यांदा आलं तेव्हा गायलेही. मराठी शब्दांचा एक त्रास आहे: आपल्या ओळी बहुतेक स्वरावर संपतात, इंग्रजी ओळी व्यंजनावर तुटतात आणि तिथे बासच्या चार पायऱ्यांना जागा मिळते. म्हणून काही ओळी मुद्दाम "फाटक", "रूळ", "धूर" अशा शब्दांवर संपवल्या. त्यासाठी दोन कडवी नव्याने लिहावी लागली आणि तीच आता चांगली वाटतात.

हवा कोरडी झाली आहे, गिटार स्थिर. आता उलटी काळजी, दुपारी केसमध्ये 40च्या खाली जातं, सिलिकाच्या पुड्या काढल्या. खुर्च्या कमी पडल्या, दहा-बाराजण सतरंजीवर बसले. त्यासाठी मागच्या भिंतीवरची एक सतरंजी उतरवावी लागली, पण भरलेल्या हॉलला तिची फारशी गरज उरली नव्हती.

तिन्ही कार्यक्रम मिळून खर्च निघाला आणि वर जे उरलं ते परवान्यासाठी बाजूला ठेवलं आहे. जानेवारीत लोरेटा लिनची दोन गाणी घ्यायची आहेत. तिची पट्टी मला जवळपास तशीच चालते, कॅपो लागणार नाही. सध्या त्यांचं निवेदन दीड मिनिटात बसवते आहे. केंटकीची कोळसा खाण आणि खाणकामगाराची मुलगी एवढं सांगितलं तरी सव्वा मिनिट जातं.